ओपन व्हीस्विच आणि तीन कंट्रोलर: वसतिगृहाच्या ट्रॅफिकमध्ये केलेले परीक्षण

छत्रपती संभाजीनगरपासून थोड्या अंतरावर असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नेटवर्क मी सांभाळतो. मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी दोन वसतिगृहे, ग्रंथालय, ऑनलाइन परीक्षांसाठीची मोठी प्रयोगशाळा, कार्यालय आणि उपाहारगृह एवढा हा पसारा आहे. वसतिगृहांतील स्विच जुने झाले आणि ते बदलण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा एका विक्रेत्याचा प्रतिनिधी सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगचे, म्हणजेच एसडीएनचे, प्रात्यक्षिक घेऊन आला. त्याने टेबलावर एक स्विच ठेवला, दोन बाजूंना दोन लॅपटॉप जोडले, आयपर्फ हा दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर 941 मेगाबिट प्रतिसेकंद हा आकडा उमटताच "सर, पूर्ण लाइन रेट," म्हणजे जोडणीची पूर्ण क्षमता, असे म्हणून तो खुर्चीला टेकून बसला. खरेदी समितीतील मंडळींनीही समाधानाने माना डोलावल्या.

त्या आकड्यात स्विचचे कर्तृत्व जवळजवळ काहीच नव्हते. 1500 बाइटचे पॅकेट तारेवरून जाताना ईथरनेटचे हेडर, तपासणीचे बाइट, आरंभीची खूण आणि दोन फ्रेमांमधले सक्तीचे अंतर धरून 1538 बाइटांची जागा व्यापते; त्यांपैकी प्रत्यक्ष माहितीसाठी टीसीपीच्या, म्हणजे माहिती क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलच्या, हाती 1448 बाइट उरतात, आणि 1448 ला 1538 ने भागले की 94.1 टक्के येतात. एक गिगाबिटच्या जोडणीवर 941 हा आकडा ईथरनेटच्या अंकगणितातून येतो आणि चौकातल्या संगणकाच्या दुकानात मिळणारा साधा आठ पोर्टांचा स्विचही तो बिनदिक्कत दाखवतो. म्हणून मी समितीकडून मुदत मागून घेतली, भांडारात पडून असलेले तीन जुने डेस्कटॉप संगणक बाहेर काढले, त्यांत प्रत्येकी चार पोर्टांचे गिगाबिट कार्ड बसवले आणि विनामूल्य उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरवर, आमच्याच वसतिगृहाच्या ट्रॅफिकमध्ये ही सारी पद्धत तपासून पाहिली. प्रस्तुत परीक्षण त्या तपासणीचे आहे. त्यात स्विचचे काम ओपन व्हीस्विचने केले, तर त्याला आज्ञा देणारे कंट्रोलर म्हणून पॉक्स, रियू आणि ओनॉस हे तिघे आळीपाळीने वापरले.

ज्यांना एसडीएनची ओळख नाही त्यांच्यासाठी आमच्या भागातला दाखला पुरेसा ठरावा. माझे गाव पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. या 208 किलोमीटर लांबीच्या कालव्याला असंख्य चाऱ्या फुटतात आणि चारीचे दार कधी उघडायचे, कधी पाडायचे हे त्या त्या ठिकाणचा पाटकरी पाहतो. पारंपरिक स्विच हा असा पाटकरी आहे. आलेले पॅकेट कोणत्या पोर्टातून पुढे सोडायचे याचा निर्णय तो स्वतःच्या तक्त्यावरून स्वतः घेतो. एसडीएनमध्ये पाटकऱ्याकडून निर्णयाचा अधिकार काढून तो एका मध्यवर्ती कार्यालयाकडे, म्हणजे कंट्रोलरकडे, दिला जातो आणि स्विचकडे केवळ दार उघडण्याचे आणि पाडण्याचे काम उरते. कार्यालयाला संपूर्ण कालवा एकाच नकाशावर दिसतो, ही या व्यवस्थेची मोठी सोय आहे. अनोळखी पॅकेट आले की दारावरच्या माणसाने कार्यालयाला विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत पॅकेट थांबवून ठेवायचे, ही तिची किंमत आहे. ती किती पडते हे आयपर्फच्या चाचणीत दिसत नाही, कारण तेथे सारे मिळून एकच प्रवाह, म्हणजे एकाच कनेक्शनच्या पॅकेटांची रांग, असतो. कार्यालयाला एकदाच विचारले जाते आणि पुढची लाखो पॅकेट त्याच उत्तरावर निघून जातात.

कालव्याचा दाखला आणखी एका कारणाने उपयोगी आहे. आवर्तन सुटले की मुखाशी किती क्युसेक विसर्ग चालू आहे याच्या बातम्या येतात. मात्र टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या, शेतकऱ्याला पाणी सुटल्याचे अनेकदा त्या बातमीवरूनच कळते. नेटवर्कच्या मोजमापातही अभियंते 'टेल' हाच शब्द वापरतात. ज्या थोड्या पॅकेटांना सर्वाधिक थांबावे लागले, त्यांचा उशीर म्हणजे टेल लेटन्सी. सीईटीमुळे पर्सेंटाइल हा शब्द आता मराठवाड्यातल्या घराघरांत पोचला आहे, त्यामुळे 99 वा पर्सेंटाइल म्हणजे काय हे समितीला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. या परीक्षणात मी प्रत्येक गोष्ट शक्यतो टेलकडून पाहिली आहे.

ओपनफ्लो हा स्विच आणि कंट्रोलर यांच्यातील संवादाचा नियम 2008 साली स्टॅनफर्डचे निक मॅकिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, तो मुळात विद्यापीठांच्या आवारातील नेटवर्कवर नवे प्रयोग करता यावेत म्हणून. त्या अर्थाने आमच्यासारख्या महाविद्यालयाने ते वापरणे मूळ हेतूला धरूनच आहे. परंतु एसडीएनला आज जी प्रतिष्ठा आहे ती गूगलच्या बी-फोर या जाळ्यामुळे मिळाली. गूगलने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या अनेक लिंक जवळजवळ पूर्ण क्षमतेने आणि दीर्घकाळाच्या सरासरीने 70 टक्के भरलेल्या चालत होत्या. विक्रेते हा दाखला हमखास देतात. आमच्याकडे आलेल्या प्रतिनिधीनेही दिला. मात्र बी-फोरवर धावणारे ट्रॅफिक गूगलच्याच प्रणालींचे होते, त्यातल्या मोठ्या भागाला थोडे थांबायला सांगता येत होते आणि कोणाला किती वाट द्यायची हे आधी ठरवता येत होते. वसतिगृहातल्या पाचशे मोबाइलांना असे कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा खरा प्रश्न चाचणीसाठी ट्रॅफिक कुठून आणायचे हा होता, आणि आमचा सर्वाधिक वेळ त्यातच गेला. नेटवर्क उपकरणांच्या चाचणीची रूढ पद्धत आरएफसी 2544 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात 1999 साली लिहिली गेली. तिच्यात 64 पासून 1518 बाइटांपर्यंतच्या ठरावीक आकारांच्या फ्रेम एकसारख्या वेगाने सोडल्या जातात. ती पूर्णपणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. एक गिगाबिटच्या जोडणीवर 1518 बाइटांच्या फ्रेम सेकंदाला 81,274 बसतात, तर 64 बाइटांच्या 14,88,095 बसतात. गिगाबिट तेच, पण स्विचला करावे लागणारे काम अठरा पटींहून अधिक. सॉफ्टवेअरने चालणाऱ्या स्विचला पॅकेटांच्या संख्येचा ताण पडतो, बाइटांचा फारसा पडत नाही, एवढी गोष्ट ती चाचणी स्वच्छ दाखवते. याच विचारातून पुढे आयमिक्स नावाचे मिश्रण रूढ झाले. त्याच्या साध्या रूपात 40 बाइटांची सात, 576 बाइटांची चार आणि 1500 बाइटांचे एक अशी पॅकेट असतात आणि सरासरी साधारण 340 बाइट पडते. आमच्या वसतिगृहात संध्याकाळी चालणाऱ्या व्हिडिओंमुळे हे मिश्रण आम्हांला तंतोतंत लागू पडले नाही, तरी एकाच आकाराच्या पॅकेटांपेक्षा ते वास्तवाच्या जवळ जाते.

परंतु आकारांचे मिश्रण साधले म्हणून काळाचे मिश्रण साधत नाही. बेलकोर या संस्थेतील संशोधकांनी ईथरनेटवरील ट्रॅफिक प्रदीर्घ काळ मोजून 1993 साली असे दाखवले की त्यातील चढउतार सेकंदांच्या मापाने पाहा अथवा तासांच्या मापाने पाहा, ते सरासरीत विरून जात नाहीत. लोंढे एकत्र आले म्हणजे ओघ संथ होतो ही टेलिफोनच्या काळातील समजूत संगणकांच्या जाळ्याला लागू पडत नाही. मराठवाड्यातील माणसाला हे पटवून देण्याची गरज नसावी. तालुक्याने पावसाची सरासरी गाठली असे कागदावर दिसते, पण त्यातला निम्मा पाऊस दोन दिवसांत कोसळलेला असतो आणि मधल्या खंडात सोयाबीन करपून गेलेले असते. ज्या चाचणीत पॅकेट एका लयीत येतात, ती सरासरीच्या पावसावर पीक घेणाऱ्यासारखी आहे.

इंटरनेटवर संशोधनासाठी खुले असलेले ट्रॅफिकचे नमुने मिळतात. जपानच्या वाइड प्रकल्पाचा मावी संग्रह रोज दुपारी 14:00 ते 14:15 या पंधरा मिनिटांत एका मोठ्या लिंकवरून गेलेल्या पॅकेटांची हेडर, पत्ते बदलून, उपलब्ध करून देतो. आम्ही सुरुवात त्याच नमुन्यांनी केली. ते उत्तम आहेत. पण तो सेवापुरवठादारांच्या दरम्यानचा महामार्ग आहे आणि आम्हांला तपासायची होती ती वसतिगृहाची गल्ली. शेवटी प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन गेटवेच्या, म्हणजे आमचे जाळे बाहेरच्या इंटरनेटला जोडणाऱ्या उपकरणाच्या, पोर्टावर येणाऱ्या पॅकेटांची केवळ हेडर आम्ही साठवली, आतला मजकूर मुळीच घेतला नाही, आणि तपासणीपूर्वी सर्व आयपी पत्ते अशा रीतीने बदलले की एका उपजाळ्यातले पत्ते बदलानंतरही एकाच उपजाळ्यात राहावेत. ही काळजी घेतल्याशिवाय विद्यार्थ्यांचे ट्रॅफिक साठवणे हा सरळ सरळ त्यांच्या खोलीत डोकावण्याचा प्रकार ठरेल. कोणी हा प्रयोग करणार असेल तर या टप्प्यावर घाई करू नये.

साठवलेले ट्रॅफिक टीसीपीरिप्लेने पुन्हा सोडताना पहिल्या आठवड्यात आमचीच फसगत झाली. दहा मिनिटांचा नमुना आम्ही पुनःपुन्हा फिरवत होतो आणि ओपन व्हीस्विचचे निकाल दर फेरीगणिक सुधारत होते. कारण लक्षात यायला दोन दिवस लागले: प्रत्येक फेरीत तेच पत्ते आणि तेच पोर्ट क्रमांक येत होते, त्यामुळे दुसऱ्या फेरीपासून स्विचच्या लेखी त्यात नवीन काहीच उरत नव्हते. दर फेरीला पत्ते आणि पोर्ट बदलायला लागल्यावर निकाल पुन्हा पहिल्या फेरीच्या पातळीवर आले. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. पुन्हा सोडलेले पॅकेट वाटेत गर्दी झाली तरी वेग कमी करत नाही, कारण पलीकडे ऐकणारे टीसीपी जिवंत नसते; ते ध्वनिमुद्रित भाषणासारखे असते, श्रोते उठून गेले तरी चालूच राहते. म्हणून नव्या कनेक्शनांचा ओघ तपासण्यासाठी आम्ही मुद्रित ट्रॅफिक वापरले आणि गर्दीत काय होते हे पाहण्यासाठी डी-आयटीजी आणि सिस्कोचे टीरेक्स ही निर्मितीची साधने वापरली. शेवटचे तीन आठवडे मुलांच्या वसतिगृहाचा एक मजला, तेथील विद्यार्थ्यांना पूर्वसूचना देऊन, प्रत्यक्ष या यंत्रणेवर टाकला.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एसडीएनवर ताण पडतो तो नव्या प्रवाहांचा. त्याचे गणित कागदावरही करता येते. समजा, निकाल लागला आणि 300 विद्यार्थ्यांनी दोन सेकंदांच्या आत एखादे संकेतस्थळ उघडले. एका पानामागे डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधण्याच्या, विचारणा, चित्रे, जाहिराती आणि आकडेवारी गोळा करणारे इतर सर्व्हर धरून 40 कनेक्शने झाली, तर सेकंदाला 6,000 नवे प्रवाह जन्माला येतात. मजल्यावरचा, इमारतीचा आणि गेटवेजवळचा असे तीन स्विच वाटेत असतील आणि जाण्यासाठी व येण्यासाठी वेगळा नियम लागत असेल, तर कंट्रोलरला सेकंदाला 36,000 नियम घालावे लागतील. याउलट, 2011 साली एचपीच्या संशोधकांनी त्यांच्याच कंपनीच्या एका हार्डवेअर स्विचवर मोजले तेव्हा तो सेकंदाला सुमारे 275 प्रवाहच बसवू शकत होता. त्यानंतर हार्डवेअर सुधारले आहे हे मान्य करूनही ही दरी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण हार्डवेअर स्विचमधील पॅकेट पाठवणारी चिप कितीही वेगवान असली तरी नियम लिहून घेणारा आतला छोटा प्रोसेसर आणि नियम ठेवण्याची टीकॅम स्मृती या दोन्ही गोष्टी महाग आणि म्हणून तोकड्या असतात. त्या विक्रेत्याला मी हाच प्रश्न लेखी विचारला होता. उत्तरादाखल जे माहितीपत्रक आले, त्यात पुन्हा गिगाबिटच होते.

ओपन व्हीस्विचने या कसोटीवर मला चकित केले, आणि ते चांगल्या अर्थाने. त्याची रचना दोन थरांची आहे. लिनक्सच्या कर्नेलमधील भाग आधीच्या निर्णयांचा साठा जवळ बाळगतो आणि ओळखीचे पॅकेट तेथूनच पुढे सोडतो. अनोळखी पॅकेट त्याच यंत्रावर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे वर पाठवले जाते, तेथे पूर्ण नियमावली तपासून निर्णय होतो आणि तो खाली साठवला जातो. या साठ्यातील खुबी अशी की निर्णय घेताना पॅकेटातील जेवढी माहिती पाहावी लागली तेवढीच तो लक्षात ठेवतो, त्यामुळे एकाच नोंदीखाली हजारो कनेक्शने सामावतात. याला मेगाफ्लो म्हणतात. आम्ही मजल्यानुसार आणि मॅक पत्त्यानुसार, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्यानुसार, नियम आधीच लिहून ठेवले, तेव्हा संध्याकाळच्या ऐन गर्दीतही वर जाणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण नगण्य राहिले आणि विद्यार्थ्यांपैकी कोणालाही मजल्यावरचा स्विच बदलला आहे हे जाणवले नाही. जुन्या डेस्कटॉपकडून एवढे काम होईल अशी माझी अपेक्षा नव्हती.

मात्र नियम कसे लिहिले यावर सारे अवलंबून आहे. प्रत्येक कनेक्शनचे दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल अशी पाचही ओळखचिन्हे पाहणारे नियम आम्ही घालून बघितले, तेव्हा मेगाफ्लो हे नावापुरतेच मोठे उरले. प्रत्येक कनेक्शनची नोंद वेगळी पडू लागली, साठा फुगला आणि संगणकाचा प्रोसेसर निकालाच्या दिवसासारख्या लोंढ्यात अक्षरशः घामाघूम झाला. या साठ्याची सर्वसाधारण मर्यादा 2,00,000 नोंदींची आहे आणि 10 सेकंद न वापरलेली नोंद काढून टाकली जाते. वसतिगृहात ती मर्यादा क्वचित गाठली जाईल, परंतु त्याआधीच वर जाणाऱ्या पॅकेटांची रांग भरते. ओपन व्हीस्विच याचा हिशेब प्रामाणिकपणे दाखवतो: किती पॅकेटांना साठ्यात निर्णय सापडला, कितींना सापडला नाही आणि रांग भरल्यामुळे किती गळाली, हे तिन्ही आकडे एका आज्ञेने मिळतात. व्यापारी स्विचमध्ये इतका उघडा कारभार मी पाहिलेला नाही. यातला तिसरा आकडा शून्यावरून हलला की समजावे, टेलला पाणी कमी पडू लागले आहे.

त्या गळालेल्या पॅकेटांचे पुढे काय होते हे पाहणे फार उद्बोधक आहे. नव्या कनेक्शनचे पहिलेच पॅकेट गळाले तर टीसीपीजवळ अजून उशिराचा काहीच अंदाज नसतो, म्हणून आरएफसी 6298 नुसार ते पुन्हा पाठवण्यापूर्वी एक सेकंद थांबते. दुसरेही गळाले तर आणखी दोन सेकंद. डीएनएसची विचारणा गळाली तर लिनक्सवर सर्वसाधारणपणे पाच सेकंदांनी ती पुन्हा केली जाते. त्यामुळे उशिराचा आलेख काढला की तो हळूहळू वर चढत नाही. बहुसंख्य पॅकेट काही मिलिसेकंदांत पोचलेली दिसतात आणि मग एकदम एक सेकंदावर पायरी लागते, पुढे तीनवर, पुढे पाचवर. सरासरी मात्र साळसूदपणे खाली बसलेली असते. उपाहारगृहात यूपीआयने वडापावचे पैसे देणारा विद्यार्थी "नेट गेलं" म्हणतो तेव्हा बहुधा तो या पायरीवर उभा असतो, आणि आम्ही कार्यालयात बसून त्याला सरासरी दाखवत असतो.

कंट्रोलरांकडे वळतो. पॉक्स हा शिकवण्यासाठी ठीक आहे. त्याच्यासोबत येणारा स्विचचा नमुना-प्रोग्राम प्रत्येक नियमाला 10 सेकंदांची वापराअभावी आणि 30 सेकंदांची निरपवाद मुदत घालतो. दुसऱ्या मुदतीमुळे व्हिडिओ अखंड चालू असला तरी दर अर्ध्या मिनिटाला त्याचा नियम पुसला जातो आणि पुन्हा कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागते. आमच्याकडच्या अनेक प्रकल्प-अहवालांत याच नमुन्यावर, तोही मिनीनेट या एकाच संगणकात आभासी नेटवर्क उभे करणाऱ्या साधनामध्ये, घेतलेले पिंग आणि आयपर्फचे आकडे "एसडीएनची कार्यक्षमता" म्हणून छापलेले असतात. मिनीनेट हे साधन उत्कृष्ट आहे आणि नियम बरोबर लिहिले आहेत की नाही हे तपासण्यासाठी आम्हीही ते रोज वापरले. परंतु त्यातील सर्व स्विच, सर्व संगणक आणि बहुधा कंट्रोलरही एकाच प्रोसेसरची भाकरी वाटून खात असतात, त्यामुळे त्याने दिलेला उशीर नेटवर्कचा किती आणि लॅपटॉपचा किती हे वेगळे काढता येत नाही.

जपानच्या एनटीटीकडून आलेला रियू पायथनमध्ये आहे, वाचायला सुंदर आहे आणि दोन दुपारींत विद्यार्थी त्यावर स्वतःचे नियम लिहू लागतात. मात्र तो एका वेळी एकाच प्रोसेसर-गाभ्यावर चालतो. वर काढलेल्या निकालाच्या दिवसाच्या लोंढ्यात त्याच्याकडे येणाऱ्या विचारणा साचत गेल्या, आणि गंमत अशी की लोंढा ओसरल्यावरही बराच वेळ तो आधी साचलेल्या, आता कोणालाच नको असलेल्या प्रश्नांची उत्तरे देत बसला होता. सरकारी कचेरीतील आवक-जावक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. शिवाय रियूची देखभाल मंदावली आहे आणि नव्या पायथनवर तो बसवताना हाल होतात. ओपनस्टॅक प्रकल्पाने त्यातून ओएस-केन ही स्वतःची शाखा काढली ती याच कारणाने. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती शाखा घ्यावी.

ओनॉस या तिघांत सर्वांत तगडा. तो जावामध्ये आहे, अनेक गाभ्यांवर काम वाटून घेतो, ब्राउझरमध्ये संपूर्ण जाळ्याचा नकाशा दाखवतो आणि त्याच्या तीन प्रती एकत्र चालवून एक बंद पडली तरी काम चालू ठेवता येते. लोंढ्यात तो रियूपेक्षा फार चांगला टिकला. पण मुळात तो मोठ्या सेवापुरवठादारांसाठी घडवलेला आहे. त्याला स्मृती भरपूर लागते, आणि एका वसतिगृहासाठी तीन सर्व्हर उभे करणे म्हणजे चारीवर धरणाचा दरवाजा बसवण्यासारखे आहे. त्याचा प्रत्येक प्रवाहासाठी विचारणा करणारा सोपा अॅप हा केवळ नमुना समजावा, त्यावर वसतिगृह सोडू नये.

काही विक्रेते कंट्रोलर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवण्याचा पर्याय देतात. येथून मुंबई रस्त्याने सुमारे 350 किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केवळ जाण्यायेण्यात साडेतीन मिलिसेकंद जातात आणि तीन स्विचनी एकामागून एक विचारले तर ते साडेदहा होतात, तेही मधली उपकरणे आणि रांगा न धरता. नियम आधीच घातलेले असतील तर याने काही बिघडत नाही. प्रत्येक प्रवाहासाठी विचारणा होणार असेल तर हा पर्याय विचारातच घेऊ नये.

राहिली विजेची गोष्ट. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी कधी मान टाकेल याचा नेम नसतो, म्हणून कंट्रोलरच्या यंत्राची तार ऐन गर्दीत काढून घेण्याची चाचणी आम्ही मुद्दाम केली. कंट्रोलरशी संपर्क तुटल्याचे ओपन व्हीस्विचच्या साधारण 15 सेकंदांनी लक्षात येते. त्यानंतर काय करायचे यासाठी दोन पर्याय आहेत. स्टँडअलोन हा मूळचा पर्याय ठेवला तर तो साध्या स्विचसारखा स्वतःच काम करू लागतो. इंटरनेट चालू राहते, पण परीक्षेच्या प्रयोगशाळेला बाकीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणारे आपले नियमही बाजूला पडतात. सिक्युअर पर्याय ठेवला तर नियम शाबूत राहतात, परंतु नवीन काही शिकले जात नाही आणि मुदत संपलेल्या नियमांबरोबर एकेक खोली अंधारात जाते. ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा पर्याय आपल्याकडे नेमका कोणता आहे हे स्वतः उघडून पाहावे. आमच्याकडे तो पहिल्या दिवशी चुकीचा होता.

तीन आठवड्यांनंतर मी समितीला दिलेला अभिप्राय असा होता की ओपन व्हीस्विच घ्यावा, मुदती नसलेले नियम आधीच लिहून ठेवावेत, मॅक पत्त्यांवरचे रोजचे वाटप स्विचच्या स्वतःच्या शिकण्यावर सोडावे आणि कंट्रोलरला फक्त बदलांपुरते, म्हणजे परीक्षेच्या वेळी प्रयोगशाळा वेगळी करणे किंवा एखाद्या बिघडलेल्या संगणकाला जाळ्यातून काढणे एवढ्यासाठी, वापरावे. असे केले की कंट्रोलर रियूच्या शाखेइतका हलका असला तरी पुरतो. विक्रेत्याचा हार्डवेअर स्विच नाकारला असे नाही. नव्या प्रवाहांचा आकडा लेखी दिल्यास त्यावर फेरविचार करू, असे पत्र गेले आहे. 2018 साली आलेल्या आरएफसी 8456 मध्ये कंट्रोलरच्या चाचण्या कशा घ्याव्यात हे नीट लिहिलेले आहे, आणि पुढच्या निविदेत ती चाचणी आमच्या साठवलेल्या ट्रॅफिकवर आमच्या समोर करून दाखवण्याची अट मी घातली आहे. लेखा विभागाने त्या अटीवर "लाइन रेट का चालत नाही?" असा शेरा मारून फाइल परत पाठवली होती, 1448 भागिले 1538 चे गणित समासात लिहून ती मी परवा पुन्हा वर पाठवली.